मुक्ताबाईची रुपयांची माळ

पाथर्डीकडची माणसं ऊसतोडीला निघाली की कुलपाची फार काळजी करत नाहीत. घरात असतंच काय न्यायला! जे काही किडूकमिडूक असेल ते बाई आदल्या दिवशी मातीत पुरते, आणि जागा नवऱ्याबिगर कुणाला सांगत नाही. आता नवराच घरी नसेल तर तिनं सांगावं कुणाला? मुक्ताबाईचा सूर्यभान पलटणीत, पार काश्मिरात. तिनं आपली राणीछाप रुपयांची माळ पुरली, गळ्यात नुसते काळे मणी ठेवून तोडीला गेली, आणि श्रीरामपूरकडच्या फडावर तापानं गेली. लेक विजयमाला तेव्हा नुकती पावलं टाकत होती. शेजारच्या रतनबाईनं तिला आपल्या पोरांत वाढवली.

एकाहत्तरच्या लढाईनंतर सूर्यभान पेन्शनीत आला, तोवर पोर लग्नाला आलेली. तिनं बापाकडं कधी काही मागितलं नव्हतं. मागायला बाप दिसायला तर हवा! सोयरीक जमल्यावर मात्र म्हणाली, "आबा, मांडवात आईची माळ घालायची हाय मला. दुसरं काय नको. तिचं तोंडसुदिक आठवत न्हाई मला."

झालं! गडी नगरला गेला आणि भंगारातून पलटणीतलं, जमिनीतला धातू हुडकायचं एक मोडकं यंत्र उचलून, रेडिओवाल्याकडून नीट करून घेऊन आला. दांड्याला थाळी, आणि कानात सारखी घूं घूं. सुरुंग हुडकण्यात त्याची उमर गेलेली. पण अंगणात बैलांचे नाल, गाडीच्या धावेचे तुकडे, खिळे, मोळे! पावलापावलाला यंत्र बोंबलायचं आणि हा उकरायचा. गावातली टवाळ पोरं म्हणायची, "आबा, लव्हाराचं दुकान काढताय का?"

मग त्यानं डोकं चालवलं. एका हातात नाल, दुसऱ्यात चांदीचा रुपया धरून थाळीपुढं फिरवला आणि यंत्राची खुंटी केसाकेसानं पिळत गेला. शेवटी यंत्र असं लागलं, की लोखंड आलं की आवाज मिटायचा आणि चांदी-तांबं आलं की चढायचा. भले शाब्बास! त्यानं अंगण, गोठा, परस सगळं विंचरून काढलं. एक ढब्बू पैसा निघाला, एक तुटकं जोडवं निघालं. माळ नाही.

लग्न उद्यावर आलं. अंगाला हळद लागलेली विजयमाला उंबऱ्यात बसून त्याच्याकडं बघत होती. हिला नाही कसं सांगावं, या विचारात तो तेच परस पुन्हा विंचरत होता.

रतनबाई सूप घेऊन आली. "घावली का, भावजी?"

"न्हाई वयनी. लोखंड गप केलंय, तरी चांदी काय बोलत न्हाई."

"लोखंड गप केलं?" रतनबाईनं सूप खालीच ठेवलं. "अवो, मग ती बोलंल कशी? पुरल्याली वस्तू राखायला वर जुना कोयता ठिवल्याबिगर बाई घर सोडती व्हय? ह्ये बारक्या पोराला ठावं हाय!"

बारक्या पोराला ठाऊक होतं, घरधन्याला नव्हतं. मुक्ता दरसाल पुरायची, दरसाल उकरायची. ते बघायला हा एकदाही घरी नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. लोखंड पुन्हा बोलावं म्हणून त्यानं खुंटी उलटी पिळली.

न्हाणीच्या दगडामागं, जिथून तो कितीदा मुकाट पुढं गेला होता, तिथं यंत्र ओरडलं. गंजका कोयता निघाला. त्याखाली गाडगं, गाडग्यात काळे पडलेले रुपये. दोरा कुजून गेलेला.

रतनबाईनं रुपये चिंचेनं घासले. विजयमालानं नवा दोरा घेतला, गळ्याला लावला आणि हरखून विचारलं, "आबा, आईला कुठवर यायची? तेवढाच ठिवते."

सूर्यभाननं तोंड उघडलं. रुपये आठवत होते. गळा आठवेना. त्यानं रतनबाईकडं पाहिलं.

रतनबाईनं पोरीच्या छातीवर बोट टेकवलं. "हितवर, बाई."

"व्हय," सूर्यभान म्हणाला. "हितवरच." आणि तो खोटं बोलतोय हे तिघांनाही कळलं.