भरतीचं पाणी, ओहोटीच्या तिसऱ्या

"मॅडम, पीएच नॉर्मल आहे ना? मग फाइल क्लोज करा," साहेब म्हणाले. मी सही करायला पेन उघडलंसुद्धा होतं.

पीएच म्हणजे पाणी किती आंबट, याचं माप. आकडा उतरला की आंबटपणा चढला. सरकारी प्रयोगशाळेत ठाण्याच्या खाडीचे नमुने तपासण्यात माझी अकरा वर्षं गेली होती. आकडा कायम आठच्या आसपास, समुद्राच्या पाण्याला शोभेल असा.

तक्रार खाडीकाठच्या कमळाबाईंची. त्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यातले खायचे जीव, वेचून विकायच्या. तिसऱ्यांचे शिंपले पातळ झालेत, वेचताना हातात फुटतात, पिल्लं तर टिकतच नाहीत. साहेबांनी निष्कर्षही लिहून ठेवलेला: पाणी ठीक आहे, बायकाच अति वेचतात, सबब बंदी घालावी. कमळाबाईंचं घर त्या तिसऱ्यांवर चालायचं.

त्या टेबलासमोरच उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बाय, तुमी पानी कवा घेता?"

"भरती बघून. नाहीतर बोट चिखलात रुतते."

"न आमी वेचतो ओहोटीला. तिसरी काय तुमची बोट बघून जगते?"

माझे कान गरम झाले. केमिस्ट्रीत एमएस्सी मी, आणि हे मला सुचू नये? भरतीला समुद्राचं ताजं पाणी आत येतं. तेच आम्ही बाटलीत भरून आणायचो!

हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की पाणी आंबटतं. जगभरच्या समुद्रांचं हळूहळू हेच चाललंय. आमच्या खाडीत सांडपाणी कुजतं, त्यातूनही तोच वायू सुटतो, आणि ओहोटीला मागे उरतं ते हेच पाणी. शिंपला बनतो चुनखडीचा. आंबट पाण्यात तो नीट धरत नाही, पिल्लांचा तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी गाठायला डोंबिवलीहून लवकर निघाले. मीटर घेऊन चिखलात उतरले आणि तिसऱ्या पावलाला गमबूट अडकला.

"बूट राहू दे गो, पाय तेवढा काढ!" कमळाबाई खदखदून हसल्या.

एका डबक्यात मीटर धरला. आकडा सातच्या जरा वर येऊन थांबला. दुसरा मीटर लावला. तोच आकडा. मग पुढच्या चार ओहोट्यांना गेले. फरक नाही.

साहेब वैतागले. "मग अकरा वर्षांच्या रिपोर्टांचं काय?"

"ते फक्त भरतीचे आहेत, सर. तसं लिहून देते. सही माझीच आहे."

बंदीचा प्रस्ताव मागे घेतला गेला. मी स्वतः जाऊन कमळाबाईंना सांगितलं. जरा मिरवतच, खोटं कशाला बोलू?

"मंग तिसऱ्या परत येतील ना?"

"ते नाही सांगता येत."

"म्हंजे बंदी नाय, न तिसऱ्या पन नाय," त्या म्हणाल्या आणि रिकामी टोपली उचलून चालू लागल्या. मला फार लाज वाटली.

आमच्या फॉर्मवर आता एक रकाना वाढलाय: भरती की ओहोटी. नमुना आपल्या सोयीने घेतला की निकालही सोयीचाच येतो. हे शिकायला मला अकरा वर्षं लागली, आणि त्याची फी कमळाबाईंनी भरली.