नायगावहून आलेला कॉल

इथले अनुभव मी वाचते, पण बहुतेक वेळा अर्ध्यात सोडून देते. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाला पिंपळाखाली बाई दिसते... माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही 'विश्वास' हा शब्द मला जड जातो. पण जे मी भर दुपारी, लख्ख उजेडात, एका अनुभवी डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून पाहिलं, ते कुठेतरी लिहायला हवं असं बरेच दिवस वाटत होतं.

मी लातूरची. आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. मी आणि माझा भागीदार शफी, शिवाय काही मुलं-मुली. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, व्यापाऱ्यांसाठी आणि दवाखान्यांसाठी आम्ही वेब ॲप्लिकेशन्स बनवतो. लिंक उघडली की ब्राउझरमध्येच सगळं काम चालतं. आमचं काम चांगलं आहे, हे मी बिनदिक्कत सांगते. नेट रडतखडत चालणाऱ्या गावातही आमची स्क्रीन अडकत नाही.

नांदेडच्या एका हॉस्पिटलसाठी आम्ही व्हिडिओ तपासणीचं ॲप्लिकेशन केलं होतं. हॉस्पिटलची छोटी सेंटर्स हदगाव आणि नायगावला आहेत. तिथं पेशंटला टॅबसमोर बसवायचं आणि नांदेडमधून डॉक्टरांनी बोलायचं, अशी सोय. हदगावचं सेंटर आदल्या दिवशी व्यवस्थित सुरू झालं होतं. त्या दिवशी नायगावची पाळी होती. शफी टॅब घेऊन गाडीनं नायगावला निघाला आणि मी नांदेडला डॉक्टरांच्या केबिनमध्ये थांबले.

डॉक्टर म्हणजे बिराजदार मॅडम. बाळंतपणाच्या केसेस बघण्यात केस पांढरे झालेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मला म्हणाल्या, "सुनीता, तुझं हे चाललं तर बरंय. नाहीतर मला उगाच टीव्हीसमोर बसवलंस असं व्हायचं."

"चालणार मॅडम," मी म्हणाले. "बघाच तुम्ही."

दुपारची ओपीडी संपली होती. मी स्क्रीनवर सेंटर्स दाखवत होते, तेवढ्यात नायगावच्या नावापुढे हिरवा ठिपका आला आणि कॉल वाजला. मला बरं वाटलं – शफीनं फोन न करता थेट काम सुरू केलेलं दिसतंय. मी कॉल घेतला.

समोर एक पन्नाशीची बाई. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. मागे काय होतं ते मला आठवत नाही... पांढरट काहीतरी, भिंतीसारखं. चित्र मात्र इतकं स्वच्छ की मनात आलं, वा, नायगावचं नेट हदगावपेक्षा चांगलं आहे!

मॅडमनी विचारलं, "काय होतंय, मावशी?"

"मला काय न्हाई बाई. पोरगी बाळंतपणाला आलीया माझी. डोकं लई दुखून राहिलंय तिचं. हातपाय सुजलेत. अन् आता तिला दिसंना झालंय."

मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. "दिसत नाही म्हणजे? कितवा महिना?"

"आठवा सरलाय. डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिलीया. भिंतीला धरून बसलीया."

"तिला आत्ताच्या आत्ता सेंटरवर आणा."

"म्या कशी आणू?" बाईचा आवाज तेव्हा पहिल्यांदा कापला. "माझ्या हाती न्हाई ते. तुमीच माणूस धाडा. पाण्याच्या टाकीपासून डावीकडं, शेतातलं घर हाय. निळं दार. लक्ष्मी नाव हाय तिचं."

तिनं गावाचं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. मॅडम आणखी काही विचारणार, तोच चित्र गेलं आणि हिरवा ठिपकाही विझला.

मी लगेच शफीला फोन लावला. "शफी, ती बाई तिथंच आहे ना? तिला थांबव!"

"कोन बाई, ताई?" मागून गाड्यांचे आवाज येत होते. "मी तर अजून रस्त्यावरच हाय. टायर पंक्चर झालतं."

"मग टॅब कुणी लावला?"

"टॅब बॅगेत हाय. बॅग माझ्या बाजूच्या सीटवर हाय. सीलबी फोडलं न्हाई मी अजून."

मी मॅडमकडे पाहिलं. स्पीकर चालू होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता त्या मला झापणार... त्यांनी फक्त गावाचं नाव घेऊन विचारलं, "शफी, तिथून किती लांब आहात तुम्ही?"

"फाटा आत्ताच मागं गेला, मॅडम."

"गाडी वळवा. पाण्याच्या टाकीपासून डावीकडं, निळं दार. गरोदर मुलगी आहे. नसेल तर माझं हसं होईल, होऊ दे."

त्यानंतरची वाट पाहणं मला अजून आठवतं. मी सगळी तपासणी करत बसले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. नायगावचं लॉगिन कुणालाच दिलेलं नव्हतं. सर्व्हरवर त्या वेळी एकही कॉल आल्याची नोंद नव्हती. मॅडम मात्र कशालाच थांबल्या नव्हत्या. ऑपरेशन थिएटर तयार ठेवा, नायगावहून ॲम्ब्युलन्स हलवा, असे फोन त्यांनी केव्हाच करून टाकले होते.

शफीचा फोन आला तेव्हा तो धापा टाकत होता. "ताई, हाय पोरगी! दार आतून नुसतं लोटलेलं. भिंतीला टेकून बसलीया, मला बघून विचारते कोन हाय म्हणून... तिला दिसत न्हाई, ताई. घरात कुनी न्हाई. बाप मळणीवर गेलाय दुसऱ्या शिवारात. शेजारची बाई बोलावलीया, आम्ही निघतोय."

लक्ष्मी नांदेडला पोचली तेव्हा तिचं बीपी मॅडमच्या भाषेत 'बघवत नव्हतं'. झटके कुठल्याही क्षणी आले असते. मॅडमनी तिला सरळ आत घेतलं. बाहेर आल्या तेव्हा मास्क खाली ओढून एवढंच म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत." आणि खुर्चीवर बसून डोळे मिटून घेतले. शफी व्हरांड्यात उभ्या उभ्या रडला. मीही.

दिवस कलताना लक्ष्मीची आई आली. सोबत आईचा भाऊ, म्हणजे लक्ष्मीचा मामा होता. मी जिन्यापाशी उभी होते. हिरवं लुगडं, तेच कुंकू, तोच चेहरा.

अहमदपूरला नात्यात मयत झाली होती, म्हणून बहीण-भाऊ सकाळीच गेले होते. परतीची एसटी लोह्याच्या अलीकडं बंद पडली. नांदेडच्या स्टँडवर उतरून भावानं गावात फोन लावला, तेव्हा त्यांना सगळं कळलं.

मी भावाला बाजूला घेऊन विचारलं, दुपारी कॉल आला त्या वेळी ती कुठं होती. तो म्हणाला, "ती माझ्याच शेजारी बसलीवती की. डोळं मिटून. एक-दोन हाका मारल्या तर ओ दिली न्हाई, म्हटलं लागली झोप. मग एकदम दचकून उठली अन् पाणी मागितलं."

आईला काहीच आठवत नव्हतं. स्वप्नही नाही. "जीव घाबरा होऊन राहिला होता, एवढंच," म्हणाली. मी तिला केबिनमध्ये बसवलं आणि घडलेलं सांगितलं. मॅडमही होत्या. त्यांनी मान हलवून दुजोरा दिला.

बाई घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "म्या काय बोलले, ते मला तसंच सांगा बरं."

मी सांगितलं. डोकं, सूज, अंधारी, टाकी, निळं दार. दुसऱ्याच कुणाची हकीकत ऐकावी तशी तिनं लक्ष देऊन ऐकली.

"नाव सांगितलं का लक्ष्मीचं?"

"सांगितलं."

"मंग बरं बोलले," ती म्हणाली, आणि नातीला बघायला उठली.

यावर मी खूप डोकं चालवलं आहे. हॅकिंग, चुकून जोडला गेलेला कॉल, कुणी शेजारणीनं केलेला... प्रत्येक शक्यता मी स्वतः तपासली आणि स्वतःच खोडली. शेजारणीला लक्ष्मी आजारी असल्याचंच माहीत नव्हतं. मॅडमना विचारलं तर म्हणतात, "मी पेशंटची लक्षणं ऐकली आणि उपचार केले. बाकीचं तू बघ." बाकीचं मला बघता आलेलं नाही.

आता हे ॲप्लिकेशन लातूर-नांदेडच्या बऱ्याच दवाखान्यांत चालतं, आणि छान चालतं. डेमोच्या वेळी कुणी ना कुणी विचारतंच की नायगावहून पहिला पेशंट कोण होता. मी दुसऱ्या दिवशी टॅबसमोर बसलेल्या खोकल्याच्या आजोबांचं सांगते. त्यांचा कॉल कसा आला, हे मला समजावून सांगता येतं.