बेचाळिसावी सही

फेब्रुवारी उजाडला की आमच्या धुळ्याच्या शाळेत दरवर्षी तोच वाद सुरू होतो. दहावीच्या मुलांना परीक्षेपर्यंत रोज शाळेत बोलवायचं की अभ्यासासाठी घरी सोडायचं? पालकसभेत कुणीतरी उठतंच. "मॅडम, पोरगं घर चांगला अभ्यास करस. शाळामा आते काय शे?" शिक्षकांनाही मनातून सुट्टीच हवी असते. मी एकटी "रोज" म्हणून हात वर करते. गणित माझ्याकडे असल्यामुळे त्यांना माझं ऐकून घ्यावं लागतं. कारण विचारलं की शिस्त, सराव, वेळेचं नियोजन असं काहीबाही सांगते. मुलं पाठीमागे मला मिरची म्हणतात. म्हणू देत. खरं कारण मी अजून कुणाला सांगितलेलं नाही आणि त्याचा शिस्तीशी काही संबंध नाही.

मी शिकले रावेर तालुक्यातल्या एका गावात. वडिलांचं बसस्टँडसमोर मेडिकल होतं, वर घर, आणि त्या घरात मला एकटीला एक खोली. गावातल्या केळीच्या मोठ्या बागायतदारांच्या पोरींनाही स्वतःची खोली नव्हती. शिवाय आठवीपासून माझा पहिला नंबर. एवढं दोन्ही असल्यावर डोकं जागेवर राहील तर शपथ.

बाकावर माझ्या शेजारी जी मुलगी बसायची ती अभ्यासात बेताची होती. भाषा, इतिहास कसंबसं निभावायची, पण गणित म्हटलं की घाम फुटायचा तिला. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ती वही पुढे सरकवायची, "एवढं एक सांग ना वं." मी सांगायचे. पहिल्यांदा मजा वाटायची, कुणीतरी आपल्याकडून शिकतंय म्हणून. दहावीच्या दिवाळीनंतर कंटाळा आला. तिला तीनदा सांगावं लागायचं आणि तिसऱ्यांदा समजलं की ती इतकी खूश व्हायची की मला तिचा राग यायचा.

आधीची सगळी वर्षं सराव परीक्षा झाली की दहावीचे वर्ग बंद होत. त्या वर्षी नवे मुख्याध्यापक आले होते. ते म्हणाले, परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत शाळा, अकरा ते पाच. वर्गात एकच गलका झाला. मी पुढारीण. अर्ज मीच लिहिला, 'घरी एकाग्रतेने अभ्यास करता यावा' वगैरे. सरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सगळ्या बेचाळीस जणांच्या सह्या आणा. एक जरी कमी पडली तर शाळा रोज भरेल." हे त्यांनी मुद्दाम केलं की सहज, मला आजही ठरवता येत नाही. पण तेवढ्याने अख्खा वर्ग एका मुलीवर सोडला त्यांनी.

एका तासात एकेचाळीस सह्या झाल्या. शेजारणीने पेन खाली ठेवलं.

"मले नही करायची सही."

"का?"

"आमची ताई बाळंतपणाले आलेली हाये. घरी राह्यली की पुस्तक हाती येत नही. शाळेत बसते तेवढाच माहा अभ्यास."

तिच्या घरचं मला माहीत होतं. वाईट माणसं अजिबात नव्हती. केळीचा चांगला मळा, दारात ट्रॅक्टर. पण तिच्या आईचा हिशोब सरळ होता. शाळेच्या वेळात पोरगी शाळेची, उरलेल्या वेळात घराची. शाळा असली तर आई तिला झाडूलाही हात लावू देत नसे, आणि शाळा नसली तर शेगडी, दुपटी, बाळंतिणीचं पाणी, मळ्यात मजुरांचा चहा, सगळं तिच्यावर. एवढं साधं होतं आणि ते मला पूर्ण कळलेलं होतं. न कळून मी काही केलं असतं तर आज बरं वाटलं असतं.

पुढचे आठ दिवस आम्ही तिला सळो की पळो करून सोडलं. फळ्यावर रोज सकाळी 'एक सही बाकी' असं लिहिलेलं असायचं. अक्षर माझं. तिच्या सायकलची हवा जायची. तिच्या गल्लीतल्या पोरी तिला टाकून पुढे निघून जायच्या. बाकावर आमच्या दोघींच्या मधे मी माझं दप्तर ठेवायला लागले. मधल्या सुट्टीत तिने सवयीने वही पुढे केली तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझ्यासारख्या एका ढ मुलीसाठी एकेचाळीस जणांनी मरायचं का?" वर्ग हसला. तिने वही मिटून दप्तरात ठेवली आणि भाकरी खायला लागली. तिचे कान लाल झाले होते. मला आनंद झाला. झाला म्हणजे झालाच, त्याला दुसरा शब्द नाही.

तरी ती सही करेना. मग मी दुसरी वाट धरली. गोड झाले. तिच्या घरी गेले, ओट्यावर बसले आणि तिच्या आईला म्हणाले, "काकू, सुट्टीत हिला माझ्याकडे पाठवा. मला वेगळी खोली आहे. दोघी मिळून अभ्यास करू, शाळेच्या वेळेतच."

काकू बाळाचं दुपटं वाळत घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "अकरा ते पाच?"

"अकरा ते पाच."

"मंग शाळेसारखंच झालं. जाऊ दे तिले. तू हुशार हायेस माय, तुह्या संग बसली तं निघून जाईन पोरगी."

दुसऱ्या दिवशी तिने सही केली. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश, ओळ न सोडता. सही करून तिने मला विचारलं, "खरंच ना वं?" मी म्हणाले, "वेडी आहेस का?" फळ्यावरची ओळ पुसायलाही तिलाच लावली.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी बरोबर अकराला ती आली. गणवेश घालून, दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात डबा. मी गाऊनवर होते. आम्ही बसलो. तिने भूमितीचा एक प्रश्न काढला. मी एकदा सांगितला, दोनदा सांगितला. तिसऱ्यांदा सांगायच्या आधीच मी ठरवून टाकलं की हे उद्यापासून नको.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बेल वाजली तेव्हा मी आईला म्हणाले, "सांग, जळगावला मावशीकडे गेलीय म्हणून." आईला पटलं नाही. पण पोरीचं दहावीचं वर्ष, पहिला नंबर, तिचं एकाग्र होणं, म्हणून ती गेली आणि दारात खोटं बोलून आली. मी खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं. शेजारीण जिना उतरली, रस्त्यावर थोडा वेळ उभी राहिली आणि स्टँडकडे चालायला लागली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. "आली का?" आई म्हणाली, "नाही गं अजून." चौथ्या दिवशीही तेच झालं. त्या वेळी आईने दार लावल्यावर मला म्हटलं, "अगं, तुझ्या चपला दारातच आहेत. पाहिल्या असतील तिने." मी म्हणाले, "पाहू दे." पाचव्या दिवसापासून बेल वाजली नाही. सुटले एकदाची, म्हणून मी दुपारी झोप काढली.

परीक्षेच्या केंद्रावर ती दिसली. चेहरा, मान, हात उन्हाने काळे पडले होते. मळ्यात राबवलं असेल, असं वाटून मी नजर चुकवली. ती माझ्याशी भांडली नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मला ब्याण्णव टक्के. वडिलांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, ताप मोजायला आलेल्यालासुद्धा, पेढा दिला. ती गणितात नापास झाली. बाकी सगळे विषय निघाले होते. गणितात एकोणतीस, सहा गुण कमी.

गुणपत्रिका मिळाल्या त्याच संध्याकाळी काकू तिला घेऊन आमच्याकडे आल्या. आईने त्यांना खुर्ची दिली, त्या खालीच बसल्या. मुलगी दाराजवळ उभी राहिली. काकू मला म्हणाल्या, "पोरी, तुले एक इचारायले आली. शाळावाले म्हणता, फेरपरीक्षेचा फारम भरा, शनवारपर्यंत. हिचे बाबा म्हणता, कायले? आता तूच सांग. सुटीत वीस-बावीस दिवस, रोज डबा घेऊन, ड्रेस घालून ही तुह्याकडं आली. अकरा ते पाच तुह्या संग बसली. तुह्याइतकं कोणाले माहीत नही तिच्या डोक्यात काय हाये ते. तिले जमन का?"

आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मी शेजारणीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ती एकही दिवस घरी राहिलीच नव्हती. माझं दार बंद आहे हे घरी कळलं असतं तर तिचा अभ्यासाचा वेळ दुसऱ्याच दिवशी शेगडीपुढे गेला असता. म्हणून ती रोज अकराला गणवेश घालून निघत होती आणि पाचला परत जात होती. मधले सहा तास ती कुठे बसत होती, स्टँडवर, देवळात की कुणाच्या बांधावर, मला आजही माहीत नाही. उन्हात होती, एवढं तिच्या तोंडावर दिसत होतं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. काकू, मी तिला शिकवलंच नाही. पण मग वडिलांच्या पेढ्यांचं काय, गावभर झालेल्या कौतुकाचं काय, आणि आईच्या तीन खोट्यांचं काय? 'जमेल, फॉर्म भरा' एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं, खोटं तसंच झाकलेलं राहिलं असतं. पण मग काकू म्हणाल्या असत्या, पुन्हा पाठवते तुझ्याकडे.

मी म्हणाले, "काकू, मी खूप सांगितलं तिला. रोज सांगितलं. पण नाही हो शिरत तिच्या डोक्यात. उगाच कशाला भरता फॉर्म?"

आईने ट्रे खाली ठेवला. कपबश्या जरा जोरात वाजल्या.

काकूंनी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत, उलट माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुह्ये लय उपकार झाले माय. तू तरी किती करशीन? आपलंच नाणं..." त्यांनी पुढचं गिळलं. चहा बशीत ओतून भराभर प्यायल्या आणि जिना उतरायला लागल्या.

मुलगी चपला घालायला मागे राहिली. मी दाराशी गेले होते, काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तिने चपलेचा पट्टा ओढला, सरळ उभी राहिली आणि हळूच, आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "एकोणतीस मी एकटीनं आणले वं."

मग ती आईच्या मागे खाली गेली. फॉर्म भरला गेला नाही. मी जळगावला अकरावी सायन्सला गेले.