थंड लोखंडावरचा घाव

मिरजगावच्या हमरस्त्याला, बाभळीखालच्या भट्टीवर केशरबाई घण मारायला उभी राहिली की येणारे-जाणारे थबकत. फिरत्या लोहारांची रीतच तशी. पुरुषानं बसून सांडशीत तापलं लोखंड धरायचं आणि बाईनं उभं राहून घण घालायचा. केशरबाईचा घाव पडला की ऐरणीखालची जमीन हादरायची. पण एक गोष्ट ती कधीच करत नसे. थंड लोखंडावर घण घालायचा नाही, हे सासूनं तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी थोबाडीत मारून शिकवलं होतं. थंड लोखंड घाव घेत नाही, परत फेकतं. कधी मनगटात, कधी डोळ्यात.

तिचा नवरा आसाराम एका यात्रेपायी गेला. एका पाटलानं शर्यतीच्या बैलगाडीचा आस, दोन चाकं जोडणारा लोखंडी दांडा, कानशीनं घासून बारीक करून मागितला होता. गाडी जेवढी हलकी, तेवढी बैलं पळणार. आसारामनं नको नको म्हणून पाहिलं आणि शेवटी करून दिला. भर शर्यतीत आस मोडला, गाडी उलटली, आणि मागून येणाऱ्या गाडीचं चाक हाकणाऱ्याच्या छातीवरून गेलं. पाटलाला कुणी ब्र काढला नाही. लोक आले ते लोहाराच्या पालावर. त्यांनी पाल पेटवलं, गाढवाचे पाय तोडले आणि आसारामला त्याच्याच हातोडीनं ठेचलं. केशरबाई लहानग्या गोरक्षनाथला पोटाशी धरून ज्वारीच्या ताटांत पडून होती. एक हात पोराच्या तोंडावर, एक स्वतःच्या. आसाराम पुढं दिवाळीपर्यंत रक्त ओकत जगला.

बापाच्या जागेवर पुढं गोरक्षनाथ, सगळ्यांचा गोरख, बसला, पण ऐरणीत त्याचा जीव रमला नाही. मिसरूड फुटताच तो भिंगारला गेला. लष्करानं मोडीत काढलेल्या जीपा दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात राहिला आणि मोटारीचं हाडन्‌हाड शिकून परतला. बहात्तरच्या दुष्काळात अख्खा तालुका खडी फोडत होता. ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणाऱ्या आबासाहेबांचे ट्रक मात्र चालूच होते. त्यांनी गोरखला ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं. भिंगारच्या छावणीतला कुणी साहेब दोन वर्षांमागं देश सोडून जाताना त्याची उघड्या टपाची, दोन माणसांची लाल विलायती गाडी आबासाहेबांनी घेतली होती. त्याच गाडीवर त्यांनी नगरच्या एका ठेकेदाराशी करंजी घाट आधी कुणाची गाडी चढते, अशी पैज लावली.

पैजेचं बोलणं भट्टीसमोरच झालं.

"गाडी पळती, पर घाटात मागं पडती," आबासाहेब म्हणाले. "बूड जड हाय तिचं."

"बूड न्हाई, चाकं जड हायेत," गोरख म्हणाला. "पुढच्या चाकांच्या आत ब्रेकची थाळी असती. सांडशीनं धरावं तसा चिमटा तिला धरतो, तवा गाडी थांबती. ती थाळी हलकी केली की बघा कशी उचलती."

"मग आन की हलकी."

"विलायतेहून मागवावी लागंल. तुमचा एक ट्रक जाईल त्यात."

"थाळीपायी ट्रक इकू? आन् मग जेवू कशात?" आबासाहेबांच्या या विनोदावर त्यांची माणसं खो खो हसली.

गोरख मात्र हसला नाही. "हाय त्याच थाळ्या लेथवर पातळ करू. भोकं पाडू. भिंगारला करून देत्यात."

भात्याजवळून केशरबाई बोलली, "आन् तुटली म्हंजी?"

"आये, तू गप."

"बाई, पोरगा जिंकला तर स्टँडाजवळची माझी जागा त्याची," आबासाहेब म्हणाले. "सोताचं गॅरेज. वर गोरक्षनाथ आसाराम अशी पाटी. आता म्हन, तुटली म्हंजी!"

केशरबाईचा भात्यावरचा हात थांबला. लोहाराच्या नावाची पाटी तिनं जन्मात पाहिली नव्हती.

थाळ्या झाल्या, बसल्या, आणि गोरख गाडी घाटात आजमावून आला. पुढच्या जाळीत रक्तानं चिकटलेली लोकर होती. केशरबाईनं ती बोटानं ओढून काढली.

"मेंढरं आडवी आली," गोरख म्हणाला.

"ब्रेक?"

"लागला. जरा उशिरानं."

"आन् धनगर?"

"बोलत हुता लई. आबासाहेबांच्या मानसांनी पट्ट्यानं सोलला त्याला." हे सांगताना त्यानं मान वर केली नाही. केशरबाईनं लोकर भट्टीत टाकली. ती जळाली तेव्हा तिला पेटलेल्या पालाचा वास आला.

पैजेच्या आदल्या दिवशी गोरखनं भोकांच्या कडा घासायला थाळ्या उतरवल्या. घासून झाल्यावर त्या खाटेच्या दांडीला टांगून तो झोपला. उजाडल्यावर बसवायच्या होत्या.

तांबडं फुटताना केशरबाई उठली. तिनं एक थाळी काढून उजेडाकडे धरली. पिठाच्या चाळणीतून दिसावं तसं पलीकडचं आभाळ दिसत होतं. दोन भोकांमध्ये केसाएवढी रेघ होती. ती भेग होती की लेथचा ओरखडा, तिला कळेना. ती बराच वेळ रेघेवरून नख फिरवत राहिली. मग तिनं थाळी ऐरणीवर ठेवली, पदर खोचला, घण उचलला.

पहिला घाव परत आला. खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसऱ्या घावाला थाळीचे तीन तुकडे झाले आणि एक तिच्या गालाला चाटून गेला.

गोरख झोपेतून धडपडत आला. "आये! आगं रांडं, काय केलंस ह्ये!" त्यानं तिचा बुचडा धरून मागं ओढलं, तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला. त्याच हातानं तो दुसरी बुक्की उगारून उभा राहिला.

"मार," ती रक्त थुंकून म्हणाली. "मारायला तरी जित्ता ऱ्हाशील."

त्याचा हात खाली आला. तिनं दुसरी थाळी ऐरणीवर ठेवली. त्यानं अडवलं नाही.

आबासाहेब चार माणसं घेऊन आले तेव्हा तुकडे तसेच पडले होते. कुणी फोडल्या, एवढंच त्यांनी विचारलं. केशरबाई तोंड उघडणार तोच गोरख म्हणाला, "म्या."

दोघांनी त्याला पाडलं. तिसऱ्यानं त्याचा उजवा हात ऐरणीवर आडवा धरला आणि चौथ्यानं ट्रकच्या पहारीनं घाव घातला. कोपराखालचं हाड मोडल्याचा आवाज केशरबाईला घाव पडायच्या आधीच ऐकू आला. पुन्हा पहार वर गेली, तेव्हा तिनं घण लाल गाडीच्या नाकावर घातला. दिवा फुटला, पत्रा आत गेला. पुढचा घाव पहारवाल्याच्या गुडघ्यावर. तो गुरासारखा ओरडला.

"थाळ्या म्या फोडल्या!" ती आबासाहेबांसमोर घण उचलून उभी राहिली. "आता तुझं टकुरं ऱ्हायलं."

आबासाहेब मागं सरले. "येडी झाली बाई. दिस मावळायच्या आत ह्यांचं पाल हलवा," एवढं बोलून ते गेले. संध्याकाळी त्यांच्या माणसांनी भट्टी पाडली, भाता फाडला. मायलेक ऐरण ढकलगाडीवर घालून भिंगारच्या वाटेला लागले.

पैज मात्र पंधरा दिवस लांबून झाली. आबासाहेबांनी कुणाकडून तरी तसलीच गाडी आणवली, तिच्या थाळ्या त्याच लेथवर पातळ करवल्या. दुसरा ड्रायव्हर बसला आणि जिंकला. त्याला साधं खरचटलंही नाही. स्टँडाजवळ त्याच्या नावाची पाटी लागली.

गोरखचं हाड वाकडंच जुळलं. स्टेअरिंग गेलं, पाना गेला. भिंगारच्या बाजारामागं तो डाव्या हातानं सांडशी धरू लागला आणि केशरबाई घण घालू लागली. सबंध पावसाळा तो तिच्याशी बोलला नाही. मग एक दिवस कुळवाची फास, मातीत चालणारं पातं, भट्टीत तापत असताना त्यानं विचारलं, "त्या ड्रायव्हरच्या थाळ्या टिकल्या. माझ्याबी टिकल्या असत्या?"

ती भात्यावरून उठली. "मला न्हाई ठावं."

"मग फोडल्या कशापायी?"

"ठावं न्हाई म्हनूनच."

त्यानं आईच्या फाटून जुळलेल्या ओठाकडे पाहिलं. मग लालभडक फास बाहेर काढून ऐरणीवर धरली. वाकडा उजवा हातही सांडशीला लावला, घावाच्या अगदी जवळ.

"हात मागं घी," ती म्हणाली.

"घाल तू. तुझा घाव ठावा हाय मला," तो म्हणाला. हात त्यानं हलवला नाही.