चार नंबरचा पलंग

“पलंग हाय का नाही, एवढंच सांगा मॅडम.”

शेवंताबाई पवार काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून उभ्या होत्या. अंबरपेठेत त्यांचं किराणा दुकान. नवरा फळीवरचा डबा काढताना स्टुलावरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर शनिवारी घरी सोडणार होते. आज मंगळवार.

“घरी दिवाण हाय लाकडाचा. त्याच्यावर त्यांना बसवता येत नाही का उठवता येत नाही. मी एकटी बाई. डॉक्टर म्हणू लागले, डोक्याकडून वर होतो तसला पलंग पायजे.”

“रजिस्टरात सहा पलंग आहेत,” मी म्हणाले.

“मग द्या की एक.”

“रजिस्टरात आहेत. खोलीत नाहीत.”

त्यांनी माझ्या मागे नजर टाकली. खोलीत दोन कुबड्या, एका चाकाची व्हीलचेअर आणि मी, एवढाच ऐवज होता.

मी बायोमेडिकल इंजिनीयर. म्हणजे हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणारी बाई. एका खासगी हॉस्पिटलात तीस वर्षं काढली. रिटायर होऊन दोन महिने झाले नाहीत तोच अनंतरावांचा फोन आला. हे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, हायकोर्टातले निवृत्त वकील. बरकतपुऱ्यात मंडळाचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. वॉकर, व्हीलचेअर, फाउलर बेड अशा वस्तू लोकांनी फुकट न्यायच्या, काम झालं की परत आणायच्या. फाउलर बेड म्हणजे शेवंताबाईंना हवा होता तोच. पायथ्याशी हँडल असतं, ते फिरवलं की पाठीकडचा भाग वर येतो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या केंद्रानं कमाल केली होती. ज्याचा फोन येईल त्याला वस्तू घरपोच. फॉर्म नाही, सही नाही. आमच्या मंडळाच्या बायकांनी ट्रॉलीवर पलंग चढवले आणि तीन जिने वर पोचवले. मी तेव्हा हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या पाइपलाइनीमागे धावत होते. हे सगळं कानावर यायचं आणि ऊर भरून यायचा. फक्त गेलेल्या वस्तू परत आल्या नाहीत. आता तीन वर्षं होत आली होती.

“वसुधाताई, या महिनाअखेरपर्यंत बघू,” अनंतराव म्हणाले होते. “नाही जमलं तर खोली योगावाल्यांना देऊन टाकू. त्यांची सतरंजी तरी परत येते.”

शेवंताबाई अजून हलल्या नव्हत्या.

“शुक्रवारी या,” मी म्हणून बसले. पार्ट हातात आल्याशिवाय तारीख द्यायची नाही, हे मी तीस वर्षं ज्युनियरांना बजावत आले. तोंडातून तारीख गेली ती गेलीच.

त्या गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. आमच्या धंद्यात प्रत्येक यंत्राला नंबर असतो, जागा असते आणि घेणाऱ्याची सही असते. इथं असं होतं:

पलंग १ – लताच्या नणंदेकडे.
पलंग २ – घड्याळवाल्यांचे साडू.
पलंग ३ – भिशीतल्या उंच बाई.
पलंग ४ – चिक्कडपल्ली, गोड आमटीवाल्या.

पुढचे दोनही याच थाटाचे. पत्ता नाही, फोन नाही. मी तिथूनच अनंतरावांना फोन लावला.

“हे रजिस्टर आहे की लग्नाची पंगत?”

“अहो, तेव्हा सगळे एकमेकांना ओळखत होते. पत्ता कशाला लिहायचा?”

“ही लता कोण?”

“हौ, ते पद्माला विचारायला पायजे.”

पद्मावहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी, महिला विभागाच्या प्रमुख. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. “उद्या संक्रांतीचं हळदीकुंकू आहे हॉलमध्ये. सगळ्या येणार आहेत. तुम्ही पण या की.”

माझे मिस्टर जाऊन बारा वर्षं झाली. हळदीकुंकू सवाष्णींचं. बोलावणं येत नाही, आणि कुणी विषय काढलाच तर मी म्हणायचे की मला ड्यूटी असते. आता ड्यूटीही उरली नव्हती.

वहिनींच्याही ते लक्षात आलं असावं. “म्हणजे… इंजिनीयर म्हणून या,” त्या घाईनं म्हणाल्या.

इंजिनीयर म्हणून गेले. बुधवारी दुपारी चार वाजता, सुती साडी नेसून, काखेत रजिस्टर. हॉलमध्ये अत्तर, तिळगूळ आणि साठ बायका. मला माइक दिला आणि मी कोर्टातल्या बेलिफासारखी पुकारा करू लागले.

“लताच्या नणंदेकडे!”

तीन लता उभ्या राहिल्या. त्यांचा आपसात निवाडा होईपर्यंत पाच मिनिटं गेली. शेवटी कळलं की नणंद नांदेडला राहायला गेली आणि पलंगही तिच्याबरोबर गेला.

“घड्याळवाल्यांचे साडू!”

“अगं बाई, ते तर आमचे हे!” मागून एक बाई किंचाळल्या. “तो पलंग तुमचा होय? आम्ही त्याच्यावर गाद्या रचल्यात. हँडल तुटलं म्हणून काढून टाकलं.”

मी कपाळावर हात मारला. पण पुकारा चालू ठेवला आणि मजा यायला लागली. सात वॉकर सापडले. त्यातल्या एकावर तोंडलीचा वेल चढवला होता. “आता तोंडली आल्याशिवाय कसा काढू?” असं त्या बाईंनी मलाच विचारलं. दोन व्हीलचेअर निघाल्या, एक कमोड चेअर निघाली. बायका हसून बेजार झाल्या होत्या, मीसुद्धा. जे काम माझ्या एक्सेल शीटला महिनाभर जमलं नसतं ते साठ बायकांनी अर्ध्या तासात केलं. पण चालणारा पलंग अजून एकही हाती लागला नव्हता.

“भिशीतल्या उंच बाई!”

कुणी उभं राहिलं नाही.

“चिक्कडपल्ली, गोड आमटीवाल्या!”

हसणं थांबलं. पद्मावहिनी हळू आवाजात म्हणाल्या, “त्या मालतीबाई. आमटीत गूळ फार घालतात. पण त्या येत नाहीत आता.”

“का?”

“मिस्टर गेले ना त्यांचे, दुसऱ्या लाटेत.”

“आणि उंच बाई?”

“त्यांचे पण.”

पाच आणि सहा नंबरचीही तीच गत निघाली. मी रजिस्टर मिटलं. यात नवल ते काय होतं? आजार जिथं सगळ्यात जास्त, तिथंच पलंग गेले. त्यातल्या ज्या घरांत माणूस वाचला नाही, त्या घरांतल्या बायकांना आम्ही पुढच्या संक्रांतीपासून बोलावणं बंद केलं. वस्तू परत मागायचा धीर कुणाला झाला नाही, आणि भेटायचं निमित्त आम्हीच काढून घेतलं होतं.

मला संताप आला. तो माइकवरूनच बाहेर पडला.

“वहिनी, आपले पलंग ज्यांच्या घरी आहेत त्यांचीच नावं तुम्ही यादीतून खोडलीत. मग पलंग येणार कुठून? आणि मला बारा वर्षांत एकदा तरी बोलावलंत का?”

हे दुसरं वाक्य मला बोलायचं नव्हतं. पण माइक चालू होता आणि स्पीकर उत्तम होते.

पद्मावहिनींनी हातातलं तबक खाली ठेवलं. पर्स उचलली. “चला.”

“कुठं?”

“चिक्कडपल्लीला. तो पलंग मीच पोचवला होता. घर मला ठाऊक आहे, वसुधाताई. तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती, एवढंच.”

ऑटोवाल्याला वळणं वहिनीच सांगत होत्या.

मालतीबाईंनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता आत नेलं. पलंग खिडकीपाशी होता. त्यावर धुतलेली चादर, एक सुरकुती नाही.

“मी फोन करणारच होते,” त्या म्हणाल्या. “मग वाटायचं, कोण घेईल हा? ह्याच्यावर आमचं माणूस गेलं.”

पद्मावहिनींना रडू कोसळलं. मला रडणाऱ्या माणसांसमोर काय करायचं ते कळत नाही, म्हणून मी पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि हँडल फिरवलं. पाठ वर आली. गुळगुळीत. कुठं खरखर नाही. चालू हॉस्पिटलात इतका चांगला ठेवलेला पलंग मी पाहिला नव्हता.

“तेल कोण घालतं ह्याला?”

“मीच. दर महिन्याला. ते म्हणायचे, करकर वाजतंय, झोप लागत नाही.”

मी इंजिनीयर म्हणून आले होते, म्हणून बोलले. “मालतीबाई, माझ्या हॉस्पिटलात चारशे पलंग होते. त्यातला एकही असा नव्हता ज्याच्यावर कुणी गेलं नाही. आणि त्या प्रत्येकावरून माणसं उठून घरीही गेली.”

त्या बराच वेळ चादरीवरून हात फिरवत राहिल्या.

“आता कुणाला पायजे?”

“अंबरपेठेत दुकानदार आहेत, पवार. खुबा मोडलाय. दोन-तीन महिन्यांत चालतील.”

“चालतील? नक्की?”

“नक्की,” मी म्हणाले. आठवड्यात दुसऱ्यांदा हमी दिली, तीही दुसऱ्याच्या हाडाची.

त्यांनी चादर काढून घडी घातली. “घेऊन जा. तेल घालायला सांगा तेवढं.”

शुक्रवारी शेवंताबाई आल्या तेव्हा चार नंबरचा पलंग दारात ट्रॉलीवर चढत होता. त्यांनी हँडल स्वतः फिरवून पाहिलं, एकदा वर, एकदा खाली, आणि मगच माझ्यावर विश्वास ठेवला. तीन, पाच आणि सहा नंबर पुढच्या पंधरवड्यात आले. तिन्ही घरी पद्मावहिनी स्वतः गेल्या, तिळगूळ घेऊन. योगावाल्यांना दुसरी जागा बघावी लागली.

एप्रिलमध्ये पवार पलंग परत करायला आले. वॉकर टेकत, पण स्वतःच्या पायांनी. काउंटरवर मालतीबाई बसल्या होत्या. हल्ली मंगळवार-गुरुवार त्याच असतात. त्यांनी पावती करायच्या आधी हँडल फिरवलं. आवाज आला नाही. मग पवारांना खुर्चीत बसवून त्यांनी चहा पाजला आणि ते चालत बाहेर पडेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिल्या. रजिस्टरात आता पत्ता, फोन, सही असे रकाने आहेत. शेवटचा रकाना मालतीबाईंनी आग्रहानं घातलाय, “कोणाचे कोण”. फोन नंबर बदलतात, असं त्यांचं म्हणणं. अनुभव पाहता मी वाद घातला नाही.

पुढच्या संक्रांतीला यादीतलं एकही नाव खोडलेलं नव्हतं. मलाही बोलावणं आलं. मी गेले, या खेपेला रजिस्टर न घेता. पद्मावहिनींनी मला आणि मालतीबाईंना सगळ्यांसारखंच कुंकू लावलं. वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली. घरी तीन गाळण्या आहेत. वापरते मात्र हीच.

बायोमेडिकलमध्ये शिकवतात की यंत्र सापडत नसेल तर ते शेवटचं कुणी वापरलं ते आधी विचारा. मी त्यापुढे एवढंच घालीन, त्या माणसाला आपण शेवटचं कधी बोलावलं तेही विचारा.