बिनलग्नाच्या टीमचा मास्तर

पासोका माझा मेहुणा आहे की नाही, हा प्रश्न आमच्या आग्वा मान्सा गावात बावीस वर्षं लोंबकळत पडला होता. माझी बहीण दाल्वा त्याच्या शर्टांना इस्त्री करायची, त्याच्या आईला औषधं पाजायची, रविवारी त्याच्यासाठी कोंबडी शिजवायची. पण लग्न? ना चर्चमध्ये, ना सरकारदरबारी. मी खाटीक माणूस, मला आडपडदा जमत नाही. एकदा भर जेवणात मी त्याला सुनावलं, "माझ्या दुकानात मांस हाताळून परत ठेवलेलं चालत नाही, कळलं?" तर दाल्वाच माझ्यावर उखडली. "दादा, मी काय मांस आहे?" घ्या! कुणासाठी भांडावं तर हे असं.

त्याचं खरं नाव ओस्वानिल्दो, पण ते त्याच्या आईलासुद्धा आठवून सांगावं लागतं. पासोका म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाची वडी. नुसतं बोट लागलं की भुगा. हा गडी फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळायचा आणि पास असा द्यायचा की समोरच्याला फक्त पाय लावायचं काम. पण कुणी जरा जवळून गेलं की हा आडवा! गुडघा धरून लोळायचा, "आई गं, मेलो गं" म्हणून गळा काढायचा आणि पेनल्टी मिळाली की टुणकन उठून केस नीट करायचा. मग एका सामन्यात त्याचा पाय खरंच मोडला. हाड मोडल्याचा आवाज मला पलीकडे गोलपोस्टपाशी ऐकू आला. रेफरी धावत आला आणि नाटक केल्याबद्दल त्याला पिवळं कार्ड दाखवून मोकळा झाला. स्ट्रेचरवरून नेत होते तेव्हा पासोका ओरडत होता, "अहो साहेब, या वेळी खरं आहे हो!" लोक हसत होते. त्यानंतर तो कधी खेळला नाही.

मग तो कोच झाला. आमच्याकडे कोचला सगळे मास्तर म्हणतात, मग त्याने शाळेचं तोंड पाहिलेलं असो वा नसो. पासोका चांगला मास्तर होता, हे मी त्याचा राग असूनही म्हणतो. पण आमच्या भागातल्या क्लबांचे अध्यक्ष म्हणजे कुणी खतांचा व्यापारी, कुणी दातांचा डॉक्टर. सलग तीन सामने हरले की मास्तर बाहेर. आणि बाहेर काढायची रीतसुद्धा ठरलेली. आदल्या दिवशी अध्यक्ष रेडिओवर सांगणार, "मास्तरवर आमचा पूर्ण विश्वास आहे." दाल्वा स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसायची. हे वाक्य कानावर पडलं की ती काळ्या घेवड्याची एक वाटी जास्त भिजत घालायची. एकदा पासोकाने आनंदाने फोन केला, "दाल्वा, अध्यक्ष खूश आहेत गं माझ्यावर! रेडिओवर बोलले!" ती म्हणाली, "ऐकलं मी. किती वाजताची बस धरतोयस?"

असे किती क्लब झाले, त्याचा हिशेब आता त्यालाही लागत नाही. प्रत्येक वेळी तो बसमधून उतरायचा, लंगडत घरी यायचा, दाल्वासमोर बसून दोन ताटं जेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या क्लबला फोन लावायचा. लग्नाचा विषय निघाला की, "हा हंगाम संपू दे." हंगाम संपायचे, त्याचं कारण संपत नव्हतं.

डिसेंबरात मात्र तो गावातच असायचा, कारण डिसेंबरात आमचा मोठा सामना. लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. जी टीम हरेल तिने एप्रन बांधून सगळ्या गावाला मांस भाजून वाढायचं आणि नंतर भांडी घासायची. पासोका आधी बिनलग्नाच्या टीमकडून खेळला, पाय मोडल्यावर तिचाच मास्तर झाला. त्यांच्याकडे तरणी पोरं आणि वर पासोकाची अक्कल. आमच्याकडे पोटं. गोलकीपर मी. वर्षानुवर्षं आम्ही हरतोय आणि मी, ज्याच्या दुकानातून ते मांस जातं, तोच एप्रन बांधून ते वाढतोय. वर हा गृहस्थ ताट पुढे करून म्हणायचा, "जुवेंसियो, जरा चरबीचा तुकडा बघून दे." डोक्यात तिडीक जायची!

तर मागच्या वर्षी आमच्या चर्चच्या पाद्रे अन्सेल्मोंनी सामूहिक लग्नं जाहीर केली. एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठी, सगळं फुकट, डिसेंबरातल्या रविवारी सकाळी. नेमका त्याच दुपारी सामना. दाल्वाने कुणाला न विचारता दोघांची नावं देऊन टाकली आणि घरी येऊन पासोकाला सांगितलं, "आलास तर आलास. नाही आलास तर सोमवारी तुझ्या आईसकट तुझं सामान तुझ्या भावाकडे पोचवते." ती आवाज न चढवता बोलली, म्हणून मी घाबरलो. दाल्वा ओरडते तेव्हा काही होत नाही.

पण गावाला दाल्वाची काय पडलीय! गावाला एवढंच दिसलं की सकाळी लग्न झालं तर दुपारी पासोका आमच्या टीमचा. झालं, नुसता दंगा. बिनलग्नाच्यांचा कॅप्टन क्लाउदेमीर, गॅसची सिलिंडरं पोचवणारा, रोज सिलिंडर खांद्यावर घेऊन त्याच्या दारात उभा.

"मास्तर, लग्न काय पळून चाललंय? सोमवारी करा की!"

आमच्याकडून न्हावी गेला आणि जन्मभर फुकट दाढी करून देतो म्हणाला. खोटं कशाला बोलू, मीही गेलो होतो. बहिणीचं भलं होणार होतंच, पण मला त्याच्या अंगावर आमचा शर्ट बघायचा होता. शेवटी सगळे पाद्रेंकडे गेले, कारण सामन्याचे रेफरीही तेच. पाद्रे म्हणाले, "रजिस्टरवर सही झाली तर तो तिकडचा. नाही झाली तर इकडचा. आता मला जेवू द्या."

रविवारी चर्चपुढे जोडप्यांची रांग लागली. एकाच्या लग्नात तर नातवंडंच फुलं धरून उभी होती. दाल्वा निळ्या झग्यात, हातात परसातली फुलं, आणि शेजारची जागा रिकामी. लोक मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हते आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. माझ्या हाताच्या मुठी वळल्या.

"दादा, जा, बघून ये," ती म्हणाली. "भांडू नकोस. आणि मारू तर अजिबात नकोस."

तो मैदानावर सापडला. बाकावर एकटा बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, केस चापून बसवलेले. नवरदेव सगळा तयार, फक्त लग्नाला गेलेला नाही.

"ऊठ, हरामखोरा!" मी म्हणालो. "माझी बहीण तिकडे रांगेत एकटी उभी आहे. एका सामन्यासाठी तू तिची अशी शोभा करतोस?"

"सामन्याचं काय लोणचं घालायचंय?" तो म्हणाला.

"मग काय अडलंय? दुसरी कोणी आहे?"

"वेडा आहेस का? मला हीच कशी मिळाली ते अजून कळलेलं नाही." त्याने बुटावरची धूळ पुसली. मग हळू म्हणाला, "जुवेंसियो, आयुष्यात मी जिथे जिथे सही केली, तिथून मला हाकललं. एक जागा सोडली नाही. फक्त दाल्वाकडे सही केली नव्हती. तिथे टिकलो. आता तिथेही सही करू म्हणतोस?"

मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो. मनात म्हणालो, अरे गाढवा, बावीस वर्षं आम्ही तुला लबाड समजत होतो आणि तू नुसता भित्रा निघालास.

तेवढ्यात मागून आवाज आला, "झालं बोलून?" दाल्वा झगा दोन्ही हातांनी वर धरून उभी होती. माझ्या रागाचा भरवसा नाही म्हणून माझ्या मागोमाग निघाली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

पासोका उभा राहिला. "दाल्वा, मी काय म्हणत होतो..."

"चर्चमध्ये म्हण. माझे पाय दुखतायत."

त्याने सही केली. पेन असं दाबलं की खालच्या जोडप्याच्या जागेतसुद्धा शाई गेली. बाहेर न्हाव्याने फटाके लावले, क्लाउदेमीर खांबाला टेकून रडला आणि मी पासोकाच्या गळ्यात आमचा शर्ट घातला.

दुपारी आम्ही सहा गोलांनी हरलो. मास्तरने योजना झकास आखली होती, पण ती पळणाऱ्या लोकांसाठी होती. एक गोल तर माझ्या दोन पायांमधून गेला, त्याबद्दल मला बोलायचं नाही. बिनलग्नाच्या पोरांना मास्तरच नव्हता, त्यामुळे ती नुसती मोकाट धावली. सामना संपल्यावर क्लाउदेमीर खाली मान घालून आला. "माफ करा, मास्तर." पासोकाने त्याच्या पाठीवर थाप मारली, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

शेगड्या पेटल्या, मांस भाजलं, आम्ही एप्रन बांधून वाढायला लागलो. एक एप्रन मात्र खुंटीवरच लटकत होता. लोक हसले, "नवरदेव कामाच्या भीतीने पळाला!" दाल्वा हसली नाही. एप्रन खुंटीवरून ओढून ती घराकडे निघाली. आज काही खरं नाही म्हणून मीही मागे गेलो.

पासोका खोलीत होता. पलंगावर बॅग उघडी आणि हा शर्टांच्या घड्या करून तिच्यात भरत होता, अगदी नीट, कॉलर चुरगळू न देता. आम्हाला पाहून ओशाळला.

"हे काय चाललंय?" दाल्वाने विचारलं.

"काही नाही गं. हरलो ना. हात आपोआप लागले भरायला."

मला वाटलं, आता हिच्या हाताला लागेल ते ती याच्या डोक्यात घालणार. पण ती पलंगाच्या कडेवर बसली.

"सगळीकडून हरून तू कुठे यायचास?" तिने विचारलं.

"इथे."

"मग आज कुठे निघालास?"

पासोकाने हातातला शर्ट खाली ठेवला. त्याने दाराकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं, जसं काही मला माहीत असेल. मग तो तिच्याशेजारी मटकन बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. दाल्वाने बॅग उलटी करून सगळे शर्ट पलंगावर ओतले आणि एप्रन त्याच्या गळ्यात अडकवला.

"रडून झालं की ये," ती म्हणाली. "भांडी पडलीत ढीगभर. दादा, तू काय बघतोयस? तूही हरलायस ना?"