मरळीचं पोट

गळवाले भाऊ मासा हातभर की वीतभर, हे कधी सांगत नसत. तो काय खातो, ते सांगत. वैनगंगेच्या काठी टोपली उतरवून म्हणत, "हे किडेखाऊ, हे झिंगेखाऊ, अन् हे बेडूकखाऊ." गिऱ्हाईक वजन विचारी, भाऊ पोट सांगत.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी गडचिरोलीकडे राहून मरळीच्या आहारावर प्रबंध लिहीत होते. बोटाएवढी मरळ पाण्यातले जेमतेम दिसणारे जीव खाते, वीतभर झाली की किडे आणि झिंगे, पुढे मासे आणि बेडूक. पुस्तकात हे होतं. मला ते या नदीतल्या मरळींची पोटं चिरून पडताळायचं होतं. मोठ्या मरळी भाऊ माझ्यासाठी लांब दोरीला ओळीने गळ बांधून धरत, पिल्लं बायकोच्या जुन्या लुगड्याने गाळून आणत. पिल्लांच्या घोळक्यावर राखण करणारी मरळ मात्र धरत नसत. "तिले घरचं काम हाय," म्हणत.

वर्षाअखेरी माझ्या तक्त्यात मोठ्या मरळींच्या पोटात सगळ्यांत जास्त भरली ती गांडुळं. पुस्तकात नसलेलं काही सापडलं म्हणून मी हरखून भाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी बिडी विझवली.

"मॅडमबाई, ते गांडूळ नदीचं नाई, माह्या गळाचं हाय. मरळ चार गळ साफ करते अन् पाचव्याले लागते."

"मग आधी काऊन नाई सांगितलं?" त्यांचीच बोली माझ्या तोंडी आली.

"तुमी पोट मांगितलं. मी पोट देल्लं."

शिष्यवृत्तीचं एकच वर्ष उरलं होतं. गांडुळांचा रकाना खोडून बाकीचं ठेवू, असं मी सुचवलं.

"जिचं पोट गांडुळानं भरलं, ते मरळ बेडकाच्या मांगं काऊन जाईन?" भाऊ म्हणाले.

मी ती वही बाजूला ठेवली.

पुढचं वर्षभर भाऊंनी गळ टाकला नाही. साठी उलटलेला माणूस सकाळी छातीभर पाण्यात उभा राहून जाळं लावू लागला. मासे कमी मिळत. बायको मला ऐकू जाईल असं म्हणे, "मॅडमबाईच्या बुकासाठी बुढा पाण्यात सडून राह्यला." ते नुसते हसत. हिवाळ्यात त्यांना खोकला लागला, तो गेला नाही. मी त्यांना पाण्यात उतरू नका म्हटलं होतं. किती मनापासून म्हटलं, ते आज सांगता येत नाही.

नागपूरला तोंडी परीक्षा झाली तेव्हा भाऊंना जाऊन तीन आठवडे झाले होते. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, मोठ्या मरळी गळाने धरल्या की जाळ्याने.

"जाळ्याने," मी म्हटलं.

त्यांनी कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.